चिमुकल्या आयकॉनची रेखीव कड

फाइल साठवण्याची फ्लॉपी, छपाईचे यंत्र, कात्री, भिंग अशी चिन्हे संगणकाच्या पडद्यावर वर्षानुवर्षे दिसत आली आहेत. यांतील अनेक चिन्हे केवळ १६ पिक्सेल रुंद आणि १६ पिक्सेल उंच चौकटीत, म्हणजे अवघ्या २५६ ठिपक्यांत बसवलेली असतात. एवढ्याशा जागेत वस्तू ओळखू यावी आणि ती पडद्यावरून किंचित वर उचललेली भासावी, यासाठी तिच्या कडेला तिरपा उतार असल्याचा आभास निर्माण करतात. चित्रसंपादनाच्या परिभाषेत यालाच ‘बेव्हल’ म्हणतात. मोठ्या चित्रावर एका क्लिकसरशी साधणारा हा परिणाम लहान आयकॉनवर मात्र बहुतेक वेळा धूसर उतरतो. लहान आकारात बेव्हल रेखीव हवा असेल, तर प्रत्येक पिक्सेलचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

उठाव भासतो कसा?

प्रकाश वरून येतो, असे मानवी मेंदू गृहीत धरतो. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये छायाप्रकाशावरून आकार ओळखण्याविषयीचे संशोधन ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. वरच्या बाजूस उजळ आणि खाली गडद असलेले वर्तुळ फुगीर दिसते. तेच उलटे केले की खोलगट भासते. पडद्यावरील बटणांनी याच गृहीतकाचा उपयोग केला. ‘विंडोज ९५’मधील करड्या बटणाच्या वरच्या व डाव्या कडेला पांढरी रेघ होती, तर खालच्या व उजव्या कडेला काळी आणि तिच्या आत गडद करडी. बटण दाबताच उजेड व सावली यांची अदलाबदल होई आणि ते आत गेल्यासारखे वाटे.

तयार सुविधा कुठे अपुरी पडते?

फोटोशॉपच्या १९९८ मधील पाचव्या आवृत्तीपासून बेव्हलची तयार सुविधा मिळू लागली. ही सुविधा उजेडाचा आणि सावलीचा पट्टा हळूहळू विरळ करत नेते. चारशे पिक्सेल रुंदीच्या चित्रात हा उतार सुंदर दिसतो. परंतु १६ पिक्सेलच्या आकृतीला दोन्ही बाजूंनी ५ पिक्सेलचा उतार दिला, तर मध्ये केवळ ६ पिक्सेल उरतात आणि मूळ आकृतीच हरवते. २ पिक्सेलची कडसुद्धा २५६ पैकी ११२ ठिपके व्यापते. त्यामुळे या आकारात कड १ पिक्सेलचीच असावी.

मोठे चित्र काढून ते लहान करणे हा दुसरा फसवा मार्ग होय. २५६ पिक्सेलचे चित्र १६ वर आणताना प्रत्येक नव्या ठिपक्यात जुने २५६ ठिपके मिसळतात. मूळ चित्रातील १ पिक्सेलची रेघ तेथे सोळाव्या हिश्श्याने उरते, म्हणजे जवळजवळ नाहीशीच होते.

प्रत्यक्ष कृती

आयकॉन अंतिम आकारातच रेखाटावा. १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी आयकॉनची रचना आलेखाच्या कागदावर चौकोन भरून केली होती; आजही पद्धत तीच आहे. चित्र १६०० टक्के मोठे करून दर पिक्सेलला जाळीची रेघ दाखवावी. त्याच चित्राची दुसरी खिडकी १०० टक्क्यांवर उघडी ठेवावी, म्हणजे खरा परिणाम सतत डोळ्यांसमोर राहतो. ब्रशऐवजी पेन्सिल वापरावी, कारण ब्रशच्या कडा अर्धपारदर्शक होतात.

प्रथम आकृती सपाट रंगात पूर्ण करावी. मग वरच्या व डाव्या कडेच्या आतून त्याच रंगाची उजळ छटा आणि खालच्या व उजव्या कडेच्या आतून गडद छटा १ पिक्सेल रुंदीने भरावी. निळ्या आकृतीला शुभ्र पांढरी व काळी रेघ दिल्यास रंग मळकट वाटतो. फिकट निळा व गर्द निळा अधिक शोभतो. उजेड आणि सावली ज्या दोन कोपऱ्यांत भेटतात, तेथील ठिपका मूळ रंगाचाच ठेवावा. तिरप्या रेघेच्या पायऱ्या खुपत असतील, तर त्या खाचांत मधल्या छटेचा एकेक ठिपका टाकावा.

तयार सुविधाच वापरायची असल्यास फोटोशॉपमध्ये ‘इनर बेव्हल’ व ‘चिझल हार्ड’ निवडून ‘साइज’ १ आणि ‘सॉफ्टन’ ० ठेवावे. प्रकाशाचा कोन १२० अंश असावा. नंतर कोपरे हाताने सुधारावेत. गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्येही पेन्सिल व जाळी असल्याने हाताची पद्धत तेथे जशीच्या तशी वापरता येते.

अखेरची पारख

आयकॉन ज्या पार्श्वभूमीवर वापरायचा तिच्यावर ठेवून पाहावा. पांढऱ्या पडद्यावर उजळ कड विरून जाते. संपूर्ण संचात प्रकाशाची दिशा एकच असावी, अन्यथा एखादेच चिन्ह खड्ड्यात पडल्यासारखे दिसते. चित्र करड्या छटांत रूपांतरित करूनही तपासावे. केवळ रंगभेदावर उभी असलेली आकृती तेथे उघडी पडते, आणि नेमकी तीच रंगांधळ्या किंवा अधू दृष्टीच्या व्यक्तीला ओळखता येत नाही. वेबसाठीच्या २०१८ च्या सुलभता-निकषांनुसार अर्थ समजण्यासाठी आवश्यक अशा चिन्हांचा लगतच्या रंगाशी उजळपणाचा भेद किमान ३ : १ हवा.

विंडोज ८ (२०१२) आणि आयओएस ७ (२०१३) यांनी सपाट चिन्हांना पसंती दिली, तर मॅकओएस बिग सर (२०२०) या आवृत्तीत उठाव पुन्हा अवतरला. दाट पडद्यांवर १६ चा आयकॉन ३२ पिक्सेलमध्ये दाखवला जातो. तेव्हा लहान चित्र ताणण्याऐवजी ३२ चे चित्र वेगळे रेखाटावे. १६ मध्ये ज्या तपशिलाला जागा नव्हती, तो तेथे देता येतो.