आर्केड खेळयंत्रांचा नियंत्रण-जोडफलक

आर्केड खेळयंत्रांचा नियंत्रण-जोडफलक : नाणे टाकून खेळावयाच्या इलेक्ट्रॉनिक खेळयंत्राची दांडी (जॉयस्टिक) व बटणे यांपासून निघणारे विद्युत् संकेत संगणकास समजतील अशा स्वरूपात पोहोचविणारा मुद्रित मंडल-फलक. करमणूक केंद्रांतील मूळ यंत्रांत हे कार्य खेळाच्या मुख्य फलकावरच होत असे. हौशी लोकांनी घरी बांधलेल्या व संगणकावर चालणाऱ्या पेट्यांत मात्र त्यासाठी स्वतंत्र फलक वापरतात. या फलकाच्या विकासातील प्रत्येक टप्प्याने काही विशिष्ट दोष मागे ठेवले असल्याने त्याचा इतिहास दोषशोधनासही उपयुक्त ठरतो.

इतिहास : नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांनी रचलेले ‘कॉम्प्युटर स्पेस’ हे यंत्र नटिंग असोशिएट्स या अमेरिकन कंपनीने १९७१ मध्ये विक्रीस आणले. पुढील वर्षी ॲलन अल्कॉर्न यांनी अटारी कंपनीसाठी ‘पाँग’ तयार केले. कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथील मद्यगृहात ठेवलेला त्याचा पहिला नमुना लवकरच बंद पडला. तपासणीत मंडले सुस्थितीत असून नाण्यांचे भांडे काठोकाठ भरल्याचे आढळले. या दोन्ही यंत्रांत सूक्ष्मप्रक्रियक नव्हता. मिडवे कंपनीच्या ‘गन फाइट’ (१९७५) या खेळात इंटेल ८०८० हा सूक्ष्मप्रक्रियक वापरण्यात आला आणि त्यानंतर स्विचांची स्थिती आज्ञावलीद्वारे वाचण्याची पद्धत रूढ झाली.

प्रारंभी प्रत्येक उत्पादकाची तारजोडणी वेगळी असल्याने पेटीतील खेळ बदलताना तारा नव्याने जोडाव्या लागत. जपानमधील खेळयंत्र उत्पादकांच्या ‘जामा’ या संघटनेने १९८५ मध्ये तारजोडणीचे एक प्रमाण ठरविले. ३·९६ मिमी. अंतरावर बसविलेल्या ५६ संपर्कांच्या एकाच जोडणीतून विद्युत् पुरवठा, चित्र, ध्वनी व दोन खेळाडूंची नियंत्रणे यांची सोय झाली. या प्रमाणात प्रत्येक खेळाडूस तीनच बटणे गृहीत धरलेली होती. सहा बटणांच्या ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) या खेळासाठी वेगळी पूरक जोडणी द्यावी लागली.

इटलीतील निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये ‘मेम’ ही अनुकरण-आज्ञावली प्रसिद्ध केल्यावर जुने खेळ घरगुती संगणकावर चालू लागले. तेव्हा अनेक हौशींनी कळफलक उघडून त्यातील मंडलास बटणांच्या तारा डाखल्या. कळफलकात कळा ओळी व स्तंभ यांच्या जाळीत मांडलेल्या असतात. आयताच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकाच वेळी दाबल्यास चौथ्या कोपऱ्यावरील न दाबलेली कळही दाबल्याचा भास होतो. टंकलेखनात ही अडचण क्वचितच जाणवते. दोन खेळाडूंच्या खेळात मात्र ती वारंवार उद्भवते. प्रत्येक कळेशी डायोड जोडणे किंवा प्रत्येक बटणास स्वतंत्र निविष्टी देणे, हे त्यावरील दोन उपाय होत. दुसऱ्या उपायातून खास जोडफलक निर्माण झाले. १९९६ मध्ये यूएसबी प्रमाण आले. तथापि त्यातील कळफलकाच्या मूळ, साध्या संदेशात एका वेळी सहाच सामान्य कळा सामावतात. यूएसबी-सुविधा अंगभूत असलेला सूक्ष्मनियंत्रक वापरणारा ‘आर्डुइनो लिओनार्डो’ (२०१२) हा स्वस्त फलक उपलब्ध झाल्यावर हौशींना स्वतःची आज्ञावली लिहून जोडफलक बनविणे सुलभ झाले.

दोषशोधन : बहुतेक फलकांत निविष्टी-अग्र रोधकामार्फत धन दाबावर ठेवलेले असते व बटण दाबले असता ते समाईक भू-तारेशी जोडले जाऊन दाब शून्याजवळ येतो. यावरून तपासणीचा क्रम ठरतो. सर्वच नियंत्रणे निष्क्रिय असल्यास यूएसबी तार, पुरवठा व भू-तार तपासतात. भू-तार एका बटणाकडून दुसऱ्याकडे साखळीने नेलेली असल्यास ती जेथे तुटते त्यापुढील सर्व बटणे एकदम बंद पडतात. एकच बटण चालत नसल्यास निविष्टी-अग्र व भू-अग्र तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडून पाहतात. संगणकास संकेत मिळाल्यास फलक निर्दोष असून बिघाड स्विचात किंवा तारेत आहे, असे निश्चित होते. सूक्ष्मस्विचास तीन अग्रे असतात. नित्य-बंद अग्रास तार जोडल्यास बटण सतत दाबलेले भासते व दाबल्यावर सुटते. एका दाबाची दोनदा नोंद होणे, हे संपर्क काही मिलिसेकंद उसळत राहिल्याचे लक्षण होय. यासाठी आज्ञावलीत अल्प विलंब ठेवतात. गोलकाच्या (ट्रॅकबॉल) प्रकाशीय संवेदकातून ९०° कलांतर असलेले दोन संकेत येतात. त्यांपैकी एक खंडित झाल्यास दर्शक पुढे न सरकता जागीच थरथरतो.

‘पॅक-मॅन’ (१९८०) सारख्या चार दिशांच्या खेळास आठ दिशांची दांडी जोडल्यास तिरक्या स्थितीत दोन स्विच एकदम मिटतात व वळणे चुकतात. हा फलकाचा दोष नसून दांडीखाली अटकाव-पट्टी बसविल्याने तो दूर होतो. जामा तारजोडणीत १२ व्होल्टची तारही असते. तिचा निविष्टीशी स्पर्श झाल्यास सूक्ष्मनियंत्रक कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून जुन्या पेटीत नवा फलक बसविण्यापूर्वी प्रत्येक तारेचा दाब मोजणे आवश्यक असते.

महत्त्व : जुन्या खेळांच्या आज्ञावलीची प्रत करून ती जतन करता येते, परंतु त्या ज्या दांड्या व बटणांसाठी रचल्या होत्या त्यांचा हाताला येणारा अनुभव प्रतीत उतरत नाही. तो टिकविणे यंत्राच्या नियंत्रणांवर अवलंबून असते. दोष अचूक शोधल्यास एखादी तार किंवा स्विच बदलून काम भागते आणि मूळ पेटी मोडीत निघण्यापासून वाचते.