धानावरचा करपा आणि आभाळाची वर्दी

पूर्वीच्या चांदा जिल्ह्यांतील झाडीपट्टींत धान उभें असतां चार दिवस आभाळ धरून राहिलें आणि पहाटे दंव पडूं लागलें, कीं पानांवर होडीच्या आकाराचे, मधोमध करडे ठिपके उमटतात. हाच करपा. त्याचें बीज वाऱ्यानें येतें. परंतु पान कित्येक तास ओलें राहिल्यावांचून तें रुजत नाहीं. ठिपका दिसतो, तेव्हां रोग पानांत शिरून चार-पांच दिवस झालेले असतात. म्हणून ठिपका पाहून औषधाला धांवणारा शेतकरी उशिरांच पोंचतो. त्याला वर्दी हवी ती आभाळाची.

अशी वर्दी देण्याच्या खटपटीचा आरंभ पुण्यास झाला. शेतकी रॉयल कमिशनच्या १९२८ च्या शिफारशीस अनुसरून १९३२ सालीं तेथील वेधशाळेंत कृषि-हवामान शाखा निघाली. तिचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास. निरभ्र, निवांत रात्रीं सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, तर वीतभर वर असते, असें त्यांनीं त्याच सुमारास दाखविलें. पुष्कळांना तें प्रथम खरेंच वाटेना. पिकाभोंवतालची हवा निराळी मोजावी लागते, हा धडा मात्र मोलाचा होता.

ढगाळ हवा काय करूं शकते, तें १९४२ सालीं बंगालमध्यें दिसलें. तेथें तपकिरी ठिपक्यांच्या रोगानें भात बुडालें. पुढील वर्षींच्या दुष्काळाचें मूळ भातरोगतज्ज्ञ पद्मनाभन यांनीं १९७३ सालीं या रोगांत दाखविलें. सारा दोष रोगाच्या माथीं मारणें अर्थातच रास्त नव्हे. युद्धकाळची महागाई आणि सरकारी धोरण यांनाही जाब द्यावा लागेल.

१९४५ पासून रेडिओवरून शेतकऱ्यांसाठीं हवामानवार्ता सुरू झाली. ती मोठ्या टापूची असे. पाऊस येईल कीं नाहीं, एवढें सांगे. १९७६ पासून तिला पिकांच्या सल्ल्याची जोड मिळाली, आणि २००८ नंतर हा सल्ला जिल्हावार झाला. पूर्व विदर्भाचें काम सिंदेवाहीच्या भात-संशोधन केंद्राकडे आलें. आभाळ भरलेलें असेल तर युरियाचा हप्ता लांबवा, पाऊस यायचा असेल तर फवारणी थांबवा, असा त्याचा रोख.

परंतु १९८२ सालीं वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा वडशापासून सिरोंच्यापर्यंत दोनशें किलोमीटरांहून लांब. भामरागडचा पाऊस वडशाला लागू पडत नाहीं. या उणिवेवर उपाय म्हणून सोनापूरच्या कृषि विज्ञान केंद्रांत जिल्ह्याचें स्वतंत्र हवामान केंद्र निघालें. त्यानें तालुकावार सल्ला द्यावा, अशी योजना होती. १९९ जिल्ह्यांतील अशीं केंद्रें मार्च २०२४ मध्यें बंद करण्यांत आलीं.