रिकामा हात

जपानच्या मुख्य भूमीपासून तैवानच्या दिशेने बेटांची एक लांब माळ पसरलेली आहे. ओकिनावा हे त्या माळेतील सर्वांत मोठे बेट. कराटे ही विद्या आज जगभर जपानची म्हणून ओळखली जाते. परंतु तिची जन्मभूमी हे बेट होय, आणि तिचा उदय झाला त्या काळी येथे ऱ्यूक्यू नावाचे एक वेगळे राज्य नांदत होते. त्याला स्वतःचा राजा होता, स्वतःची भाषा होती. १६०९ मध्ये जपानमधील सात्सुमाच्या सरदारांनी हे राज्य जिंकून मांडलिक केले, तरी चीनच्या दरबाराशी त्याचे नजराण्याचे आणि व्यापाराचे संबंध पुढेही चालू राहिले. ऱ्यो कियुना या खेळाडूच्या कारकिर्दीकडे पाहताना ही पार्श्वभूमी दृष्टीआड केली, तर हाती केवळ पदकांची यादी उरते.

चीनच्या फूच्यान प्रांतात जाऊन आलेल्या ओकिनावाच्या लोकांनी तेथील मुष्टियुद्ध आपल्या मूळच्या ‘ते’ म्हणजे ‘हात’ या विद्येत मिसळले. बोधिधर्माने भारतातून ही कला चीनमध्ये नेली, अशी एक समजूत आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. तिने आपला अभिमान सुखावतो खरा, परंतु तिला विश्वसनीय ऐतिहासिक आधार नाही. ‘काराते’ या शब्दाचा जुना अर्थ ‘तांग हात’, म्हणजेच ‘चिनी हात’ असा होता. १८७९ मध्ये जपानने ऱ्यूक्यूचे राज्य खालसा करून त्याचा एक प्रांत बनवला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतोसू आन्को यांनी गुपचूप शिकवली जाणारी ही विद्या शाळेच्या पटांगणात आणली, आणि १९२२ मध्ये फुनाकोशी गिचिन यांनी तोक्योमध्ये तिचे प्रात्यक्षिक केले. पुढे २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा येथे बेटावरील नामवंत गुरूंची बैठक भरली आणि तीत नव्या लेखनाला मान्यता मिळाली. उच्चार तोच राहिला, चित्रलिपीतील अक्षर मात्र बदलले. ‘चिनी हात’ होता तो ‘रिकामा हात’ झाला. या बदलामागे झेन तत्त्वज्ञानातील शून्याचा विचार होता, असे सांगतात. तो असेलही. पण त्या वर्षांत जपान आणि चीन यांच्यातील वैर शिगेला पोहोचत होते, हेही विसरता येत नाही. मुख्य भूमीच्या घरात प्रवेश मिळवण्यासाठी या विद्येला आपल्या मातुलगृहाचे नाव उंबरठ्याबाहेर ठेवावे लागले.

नऊ वर्षांनी युद्ध बेटावरच येऊन कोसळले. १९४५ च्या त्या लढाईत ओकिनावाच्या रहिवाशांपैकी सुमारे एकचतुर्थांश लोक प्राणास मुकले, असे मानले जाते. शुरीचा राजवाडा बेचिराख झाला. नाहाच्या बैठकीस उपस्थित असलेले वृद्ध गुरू क्यान चोतोकू युद्धातून वाचले, परंतु त्याच वर्षी निवर्तले. त्यानंतर १९७२ पर्यंत बेटावर अमेरिकेचा अंमल होता. १९७० मध्ये तोक्योला कराटेची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा या विद्येचे माहेर जपानच्या शासनाखाली नव्हते, हा इतिहासाचा विलक्षण विनोद म्हणावा लागेल.

अशा पडझडीत काही परंपरा घराण्यांच्या आश्रयानेच तगल्या. ऱ्यूएइ-ऱ्यू ही त्यांपैकी एक. नाकाइमा घराण्याच्या मूळपुरुषाने ती एकोणिसाव्या शतकात फूच्यानमधून आणली आणि दोन पिढ्या ती घराबाहेर गेली नाही. आपल्याकडील गायकांची घराणी आपल्या खास चिजा जशी जपून ठेवीत, तसाच हा प्रकार. तिसऱ्या पिढीतील नाकाइमा केन्को यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती बाहेरच्या शिष्यांना खुली केली. त्या शिष्यांपैकी साकुमोतो त्सुगुओ यांनी १९८४, १९८६ आणि १९८८ असे लागोपाठ तीन वेळा जागतिक अजिंक्यपद मिळवले. तोवर बेटाबाहेर फारसा कोणी न पाहिलेला ‘आनान’ हा काता त्यांच्यामुळे जगभरच्या आखाड्यांत जाऊन पोहोचला.

काता म्हणजे काय, हे येथे सांगणे अवश्य आहे. प्रहार, बचाव, वळण आणि पवित्रा यांचा ठरलेला क्रम खेळाडू एकट्याने करून दाखवतो; प्रतिस्पर्धी कल्पनेतला असतो. मल्लखांबावर निदान लाकडाचा खांब तरी असतो. येथे तोही नाही. ज्याच्यावर हात उगारायचा तो शत्रू खेळाडूने आपल्या नजरेने आणि श्वासाने प्रेक्षकांसमोर उभा करावयाचा. एका कातासाठी तीन वर्षे, अशी जुन्या गुरूंची म्हण आहे.

ऱ्यो कियुनाचा जन्म १९९० चा, ओकिनावाचाच. पाचव्या वर्षी तो कराटे शिकू लागला आणि कुमारवयात साकुमोतोंच्या हाताखाली आला. त्यांचा शिरस्ता असा की, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस सराव व्हायचा. कियुनाने ऱ्यूक्यूचे पारंपरिक नृत्यही आत्मसात केले. कमरेखालचा भाग स्थिर ठेवून पाऊल जमिनीलगत सरकवण्याची त्या नृत्याची रीत त्याच्या कातात उतरली आहे, असे जाणकार मानतात. काता हे लढणे नसून नाचणे आहे, असा आक्षेप घेणाऱ्यांना या गोष्टीत आयते शस्त्र मिळेल. परंतु ज्या बेटावर राजदरबारचे नृत्य आणि राजरक्षकांची शस्त्रविद्या एकाच वाड्याच्या सावलीत वाढली, तेथे या दोहोंमधली भिंत पहिल्यापासूनच पातळ असणार.

२०१२ मध्ये तो जपानचा राष्ट्रीय विजेता झाला. पुढे २०१४ मध्ये ब्रेमेन, २०१६ मध्ये लिंझ आणि २०१८ मध्ये माद्रिद येथे त्याने जागतिक अजिंक्यपद पटकावले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतही सुवर्णपदक त्याचेच. या काळात परीक्षणाची पद्धत पालटली. पूर्वी पंच लाल वा निळे निशाण उंचावून कौल देत. २०१९ पासून सात पंच गुण देऊ लागले. त्यांतील वरचे दोन आणि खालचे दोन गाळून उरलेल्यांची बेरीज, तंत्राला सत्तर टक्के आणि शरीरसामर्थ्याला तीस टक्के, असा हा हिशेब. गुरूच्या एका हुंकारावर ज्या विद्येचा निवाडा होई, ती दशांश चिन्हाच्या हवाली झाली. आंतरराष्ट्रीय आखाड्यात उतरायचे तर ही किंमत मोजणे भाग होते, आणि कियुनाने ती कुरकुर न करता मोजली.

कराटेला ऑलिंपिकचे दार २०१६ मध्ये उघडले. महामारीमुळे तोक्योची स्पर्धा वर्षभर लांबली आणि ६ ऑगस्ट २०२१ रोजी, बुदोकान या प्रसिद्ध सभागृहात, रिकाम्या खुर्च्यांपुढे पुरुषांची काता स्पर्धा झाली. अंतिम फेरीत कियुनाने ‘ओहान दाई’ हा आपल्या परंपरेचा काता सादर केला. त्याला २८.७२ गुण मिळाले. स्पेनच्या दामियान किंतेरोला २७.६६. ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारा ओकिनावाचा हा पहिला सुपुत्र. निकालानंतर त्याने हात उंचावून जल्लोष केला नाही. तो पुन्हा मंचाच्या मध्यभागी गेला, गुडघे टेकून बसला आणि त्या जागेला त्याने वंदन केले. पदक स्वीकारताना त्याच्या हातात आईची तसबीर होती. ती २०१९ मध्ये निवर्तली होती. समारोपाच्या सोहळ्यात जपानचा ध्वज त्याच्याच हाती देण्यात आला. ज्या बेटाला आपल्या विद्येचे नाव बदलून त्या ध्वजाखाली यावे लागले, त्याच बेटाचा पुत्र तो ध्वज घेऊन चालत होता.

ऑलिंपिकचे दार मात्र फार काळ उघडे राहणार नव्हते. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेसाठी निवडलेल्या जादा खेळांत कराटे नव्हते, हे २०१९ मध्येच कळून चुकले होते. त्यामुळे बुदोकानमध्ये उतरणारा प्रत्येक खेळाडू ही संधी कदाचित एकदाचीच, हे जाणून उतरला होता. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या कार्यक्रमातही त्याला स्थान मिळाले नाही. कियुना तोक्योनंतर तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, दुबईच्या जागतिक स्पर्धेत उतरला आणि त्याने आपले चौथे अजिंक्यपद जिंकले. त्या वेळीही अंतिम फेरीत समोर किंतेरोच होता.