विशाखा कोण होती? ऑफिसातल्या एका रेघेचा इतिहास

ज्यांना वाचायला जास्त आवडतं, किंवा ज्यांचे हेडफोन नेमके घरी राहिलेत, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. वय चोवीस, पहिलीच नोकरी. त्याच्या परवानगीने सांगतो. तो म्हणाला, "दादा, टीममधल्या मुलींशी मी कामापुरतंसुद्धा जपून बोलतो. उद्या कोण काय तक्रार करेल, भरवसा नाही. त्यापेक्षा लांब राहिलेलं बरं ना?"

मी ती नोट माझ्या ताईला ऐकवली. ती पंधरा वर्षं नोकरी करतेय. ऐकून ती शांतपणे म्हणाली, "हा आत्ता विचार करायला लागलाय. आम्ही पहिल्या दिवसापासून करतो. कोणाच्या गाडीतून घरी यायचं, कोणाच्या मेसेजला रात्री उत्तर द्यायचं नाही, सगळं मोजून."

म्हणजे भरवसा दोघांनाही नाही. मग हा भरवसा आणायचा कुठून? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

"लांब ठेवा" हा जुना उपाय

आपल्या श्रोत्याला सुचलेला उपाय नवा नाही. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात, कलम 66 मध्ये, बायकांनी कारखान्यात फक्त सकाळी 6 ते संध्याकाळी 7 याच वेळेत काम करावं असं लिहिलं होतं. हेतू संरक्षणाचा. पण बघा, रात्री कारखान्यात बाईला धोका असेल तर कारखाना सुधारायचा की बाईलाच बाहेर काढायचं? कायद्याने दुसरा रस्ता धरला. रात्रपाळी गेली, तिची मजुरीही गेली. रेघ होती, पण ती बाईभोवती आखलेली. पुरुषाने कसं वागायचं, याबद्दल त्या कलमात एक शब्द नव्हता.

चंदीगड, 1988

आता तुम्ही म्हणाल, शिकलेल्या, मोठ्या हुद्द्यावरच्या बाईला काय अडचण? तर ऐका.

जुलै 1988. चंदीगडमध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या घरी पार्टी होती. तिथे पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी रूपन देओल बजाज या आयएएस अधिकारी बाईंच्या पार्श्वभागावर सगळ्यांदेखत चापट मारली. बाईंनी वरिष्ठांकडे दाद मागितली. काही झालं नाही, म्हणून त्यांनी पोलिसांत तक्रार केली. 1989 मध्ये हायकोर्टाने ती तक्रार रद्द केली. आपल्या जुन्या दंडविधानात कलम 95 होतं. शहाण्या माणसाने तक्रार करू नये इतकी क्षुल्लक इजा असेल, तर तो गुन्हा नाही, असा त्याचा अर्थ. त्या कलमाचाही आधार घेतला गेला.

क्षुल्लक! हा शब्द लक्षात ठेवा. "अगं, एवढं काय त्यात" हे आजही ऐकू येतं ना, त्याचंच हे कायद्याच्या भाषेतलं रूप.

बाई थांबल्या नाहीत. 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हे क्षुल्लक नाही, खटला चालवा. 1996 मध्ये गिल दोषी ठरले आणि 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. एका चापटीसाठी सतरा वर्षं. तीही आयएएस अधिकाऱ्याला.

भटेरी, 1992

आता राजस्थानात, जयपूरजवळच्या भटेरी गावात येऊ. भंवरीदेवी तिथे 'साथिन' होत्या, म्हणजे सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या कार्यकर्त्या. बालविवाह थांबवणं हे त्यांच्या कामातच होतं. 1992 मध्ये गावातल्या एका वरचढ घरात तान्ह्या मुलीचं लग्न ठरलं. त्यांनी ते थांबवायचा प्रयत्न केला. त्याच रागातून 22 सप्टेंबरला शेतात त्यांच्या नवऱ्याला मारहाण करून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केलं.

त्या काम कोणाचं करत होत्या? सरकारचं. हल्ला कशामुळे झाला? त्या कामामुळे. पण काम करताना बाईवर असं संकट आलं, तर काम देणाऱ्याची जबाबदारी काय, याचं उत्तर तेव्हा आपल्या कुठल्याच कायद्यात नव्हतं.

हाच प्रश्न घेऊन काही महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यातल्या एकीचं नाव 'विशाखा'. कॉलेजच्या, झेडपीच्या शाळेच्या बोर्डावर 'विशाखा समिती' वाचून मला बरीच वर्षं वाटायचं, ही कोणी मुलगी असणार. नाही हो. ती संस्था. आणि जिच्यामुळे हे सगळं झालं, तिचं नाव त्या बोर्डावर नाहीच.

13 ऑगस्ट 1997

त्या दिवशी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. किरपाल यांनी विशाखा निकाल दिला. सुजाता मनोहर आपल्या मुंबईच्या, मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या महिला न्यायाधीश. कोर्टाने सांगितलं, संसद कायदा करेपर्यंत ही मार्गदर्शक तत्त्वं म्हणजेच कायदा.

त्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'नकोसं'. स्पर्श असो, शेरा असो, मेसेज असो. समोरच्या बाईला तो नकोसा आहे का, हे बघायचं. 'माझा हेतू तसा नव्हता' एवढं म्हणून सुटका नाही. दुसरी गोष्ट, समितीची प्रमुख बाई हवी, निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात आणि एक व्यक्ती बाहेरच्या संस्थेची हवी. बाहेरची का? वरून दबाव येऊ नये म्हणून. वरिष्ठांकडे दाद मागून काय होतं, ते चंदीगडला दिसलंच होतं.

म्हणजे रेघ आता बाईभोवती नाही, वागण्याभोवती आली. आणि ती सांभाळायची जबाबदारी काम देणाऱ्यावर.

पण कागदावर आलं म्हणून झालं असं नाही. पुण्याच्या 'आलोचना'च्या डॉ. मेधा कोतवाल लेले यांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, की समित्या नीट चालतच नाहीत. त्या पत्राचीच याचिका झाली, 2012 मध्ये निकाल आला. पुढच्या वर्षी, 2013 मध्ये, संसदेने कायदा केला. विशाखा निकालानंतर तब्बल सोळा वर्षांनी.

मग त्या श्रोत्याला काय सांगू?

हे सांगेन. मित्रा, हा कायदा तुझ्याही बाजूचं ऐकतो. तक्रारीची प्रत तुला मिळते, तुझी बाजू मांडता येते, चौकशी गुप्त ठेवावी लागते. मुद्दाम खोटी तक्रार केली तर कारवाईची तरतूद आहे. मात्र आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून बाईला खोटी ठरवता येत नाही.

आणि लांब राहण्याचं म्हणशील, तर त्याची किंमत तू नाही, ती भरते. चहाच्या टपरीवर प्रोजेक्टच्या गप्पा होतात, तिथे ती नसते. साइट व्हिजिटला तिला नेत नाहीत. ही 1948 चीच रात्रपाळी झाली ना! त्यापेक्षा बोल, काम कर, शंका आली तर विचार, आणि 'नको' म्हटलं की तिथेच थांब.

ताईला मी हे उत्तर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ठीक आहे. पण त्याला म्हणावं, दुसरा कोणी चुकत असेल तेव्हा मान खाली घालू नकोस." चंदीगडच्या त्या पार्टीतही बघणारे होतेच की.

जाता जाता एक काम. दहा किंवा जास्त माणसं असतील तर तुमच्या ऑफिसात अंतर्गत समिती हवीच. सदस्यांची नावं उद्या शोधा. दहापेक्षा कमी असाल, किंवा तक्रार खुद्द मालकाचीच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने, योग्य कारण असेल तर आणखी तीन वाढू शकते. नावं सापडली की नाही, ते मला व्हॉइस नोट करून कळवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, एकमेकांचीही.