पेटी नवी, तारा जुन्या

पडद्यावर एक पेटी आहे. तिच्यात ‘ऑस्क~ ४४०’ असं लिहिलंय. वरून एक तार आत येते, खालून एक बाहेर जाते आणि स्पीकरमधून गोल, मऊ स्वर ऐकू येतो. मी पेटीवर क्लिक करते, ‘ऑस्क’ खोडून ‘फेझर’ लिहिते आणि बाहेर कुठेतरी क्लिक करते. स्वराची उंची तीच, पण त्याला करवतीची धार आली. तारा मात्र जागच्या हलल्या नाहीत. ‘प्युअर डेटा’ ही संगीताची दृश्य प्रोग्रॅमिंग भाषा शिकताना मला सगळ्यात आधी भुरळ पडली ती या गोष्टीची.

या तारांचं कूळ खऱ्या तारांचं आहे. १९६४ मध्ये रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्यासोबत मॉड्युलर सिंथेसायझर घडवला. एक खण स्वर काढणारा, दुसरा तो गाळणारा, तिसरा लहानमोठा करणारा. ते जोडायच्या वायरी म्हणजे ‘पॅच कॉर्ड’, आणि झालेली जोडणी म्हणजे ‘पॅच’. वायरींच्या टोकाची पाव इंची पिन टेलिफोन एक्स्चेंजच्या घराण्यातली. तिथे एका खणाऐवजी दुसरा घ्यायचा तर प्रत्येक वायर हाताने उपटून नव्या भोकात खुपसावी लागे.

१९८० च्या दशकात पॅरिसच्या इरकाम संस्थेत मिलर पकेट यांनी ही जोडणी मॅकिंटॉशच्या पडद्यावर आणली. फिलिप मानूरी यांची पियानोसाठीची ‘प्लुटॉन’ ही रचना तिच्यावर उभी राहिली. प्रोग्रॅमचं नाव ‘मॅक्स’ पडलं ते मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून. १९५७ मध्येच त्यांनी बेल लॅब्जमध्ये संगणकाकडून संगीत वाजवून घेतलं होतं. १९९० मध्ये ‘मॅक्स’ बाजारात आला. पुढे पकेट यांनी नव्याने लिहिलेला, कुणालाही फुकट मिळणारा १९९६ चा अवतार म्हणजे ‘प्युअर डेटा’.

पेटीतलं नाव बदलल्यावर प्युअर डेटा जुन्या पेटीचं रूपांतर करत नाही. तिच्या सगळ्या जोडण्या टिपून ठेवतो, पेटी मोडतो, त्याच जागी नवी उभारतो आणि टिपणावरून तारा परत लावतो. टिपणात नाव नसतंच. कितव्या पेटीच्या कितव्या तोंडातून कितव्या पेटीच्या कितव्या तोंडात, एवढे चारच आकडे असतात. दारावरची पाटी बदलली तरी पोस्टमन घर क्रमांकावर येतो, तसं हे. म्हणूनच ‘फ्लोट’ पेटीत साठवलेला आकडा ती ‘इंट’ केल्यावर उरत नाही. जुनी पेटी गेली, तिच्याबरोबर तिच्या पोटातलंही गेलं. नव्या पेटीला तोंडं कमी असली तर उरलेल्या तारा गळून पडतात.

आणि लिहिण्यात चूक झाली तर? समजा, ‘ऑस्क’ऐवजी ‘ओक्स’ लिहिलं. अशी पेटी अस्तित्वातच नाही. प्युअर डेटा तिथे तुटक रेषेची चौकट काढतो, आणि आलेल्या तारांना धरायला जागा हवी म्हणून तिला हवी तेवढी खोटी तोंडंही लावून देतो. त्यांतून आवाज जात नाही. तारा फक्त टेकून राहतात, मी परत येऊन दोन अक्षरं दुरुस्त करेपर्यंत.