देवनारची शाळा



मुंबईच्या ईशान्येस, चेंबूरच्या पलीकडे, खाडीच्या दलदलीला लागून देवनार नावाचे गाव आहे. सांप्रत ते उपनगरात मोडते. तथापि सुशिक्षित मुंबईकरापुढे देवनारचे नाव काढावे, तो त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहतात ते कचऱ्याचे डोंगर. ही ख्याती आजकालची नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, आणि शहराची घाण शहरापासून दूर नेण्याची निकड म्युनिसिपालिटीला भासू लागली. पुढे ती घाण आगगाडीच्या डब्यांतून या दलदलीत नेऊन टाकण्याचा प्रघात पडला. घाण दृष्टीआड झाली, आणि ती उपसणारी माणसेही तिच्याबरोबर दृष्टीआड झाली. ही माणसे बहुतांशी अस्पृश्य मानलेल्या जातींची होती, हे सांगावयास नकोच.

याच देवनारला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अस्पृश्यांच्या मुलांकरिता एक मराठी शाळा निघाली. ती काढणाऱ्या मंडळीचे संस्थापक होते विठ्ठल रामजी शिंदे. त्यांच्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे योजिले आहे.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे एका मराठा कुटुंबात झाला. घरात वारकरी वळण होते. घरची परिस्थिती मात्र बेताची. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १८९८ साली ते बी. ए. झाले. प्रार्थना समाजाच्या उदार धर्मविचाराने त्यांच्या मनाची पकड घेतली, आणि १९०१ साली धर्मांच्या तुलनात्मक अभ्यासासाठी ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दाखल झाले. दोन वर्षांनी परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या प्रार्थना समाजाचे प्रचारकपद पत्करले. विलायतेहून विद्या संपादून आलेल्या तरुणास त्या काळी मानाची व सुखाची जागा मिळविणे अवघड नव्हते. शिंदे यांनी धर्मप्रचारकाचे अल्प वेतन पसंत केले.

गिरगावातील प्रार्थनामंदिरात दर आठवड्यास उपासना होत असे. ईश्वर एक आहे आणि सर्व मानव त्याची लेकरे आहेत, हे तेथे सांगितले जाई, आणि ऐकणारे विद्वान सद्गृहस्थ ते मनोभावे ऐकतही असत. परंतु शिंद्यांच्या मनाला एक प्रश्न टोचू लागला. सर्व मानव बंधू असतील, तर जो बंधू या मंदिराच्या पायरीपर्यंतही येऊ धजत नाही, त्याच्या घरी कोण जाणार? तो आपल्याकडे येण्याची वाट पाहावयाची, की आपण त्याच्याकडे जावयाचे? मला वाटते, शिंदे यांच्या साऱ्या आयुष्याची गुरुकिल्ली या एका प्रश्नात आहे. अस्पृश्यता हा त्यांच्या दृष्टीने स्पृश्यांच्या धर्मबुद्धीला जडलेला रोग होता. आणि ज्याला रोग जडला आहे त्यानेच औषधासाठी पायपीट करावी, हे ओघानेच आले.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत 'भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी' स्थापन झाली. इंग्रजीत तीच डिप्रेस्ड क्लासेस मिशन म्हणून प्रसिद्धीस आली. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष झाले आणि शिंदे चिटणीस. मंडळीने आपले हेतू चार ठरविले होते : शिक्षणाचा प्रसार, कामधंद्याची सोय, सामाजिक अडचणींचे निवारण, आणि उदार धर्म, शील व सुनागरिकत्व यांचा उपदेश. या चौथ्या हेतूकडे मी श्रोत्यांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. धर्म आणि नागरिकत्व ही दोन्ही तेथे एका वाक्यात बसविलेली आहेत. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्याला नागरिक म्हणून संबोधण्याचे धैर्य १९०६ सालच्या त्या वाक्यात आहे.

पहिली शाळा परळच्या बाजूस निघाली. पुढे मुंबईत आणखी शाळा निघाल्या, त्यांत देवनारची होती. शाळांच्या जोडीला शिवणकामाचे वर्ग, भजने, व्याख्याने आणि आजाऱ्यांची शुश्रूषा ही कामेही चालत. शिंदे यांचे आईवडील आणि भगिनी जनाबाई या कामी त्यांच्याबरोबर राबत होती. कुटुंबासह अस्पृश्यांच्या सहवासात राहणे याचा त्या काळचा अर्थ आज आपल्या सहजी ध्यानात येणार नाही. सोयरेधायरे तुटत, आणि समाजात आपणही अस्पृश्यच होऊन बसावे लागे. पुण्यात मंडळीची शाखा निघाली आणि इंदूरच्या होळकरांच्या देणगीतून तेथे अहिल्याश्रम उभा राहिला. हुबळी, मंगळूर अशा दूरदूरच्या गावीही हे कार्य पोचले.

शाळांनी सर्व प्रश्न सुटणार नाहीत, हे शिंदे यांनी लौकरच ओळखले. १९१७ साली कलकत्त्यास राष्ट्रसभेने अस्पृश्यांवरील निर्बंध दूर करण्याचा ठराव प्रथमच संमत केला, त्यामागे त्यांची खटपट होती. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत सयाजीराव गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यतानिवारणाची परिषद भरली. लोकमान्य टिळक तेथे बोलले, आणि अस्पृश्यता मानणारा देव असेल तर आपण त्याला देव म्हणणार नाही, अशा आशयाचे त्यांचे उद्गार देशभर गाजले. परंतु स्वतःच्या नित्याच्या आचरणात अस्पृश्यता पाळणार नाही, असे एक प्रतिज्ञापत्रकही त्या वेळी सह्यांसाठी फिरले. त्यावर लोकमान्यांची सही झाली नाही. टाळ्या घेणारे वाक्य आणि सही मागणारा कागद यांत केवढे अंतर असते, हे त्या प्रसंगाने दाखविले. शिंदे यांचा आग्रह नेहमी कागदाचा होता.

मात्र खरी कसोटी पुढेच होती. मंडळीच्याच काळात अस्पृश्य समाजात शिकलेली पिढी तयार झाली, आणि ती विचारू लागली : आमच्या उद्धाराची सूत्रे दुसऱ्यांच्या हाती का? हा प्रश्न बोचरा होता खरा. पण तो विचारला जाणे हेच मंडळीच्या कार्याचे फळ नव्हे काय? १९२३ साली शिंदे मंडळीच्या चिटणीसपदावरून दूर झाले. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तेथे कोणी उपकारकर्ता नव्हता. कायद्याने खुल्या असलेल्या तळ्यावर नागरिकांनी आपला हक्क बजावला होता. त्याचा वाद कोर्टात गेला आणि मुंबई हायकोर्टाने १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

पुढे मतदारसंघांच्या प्रश्नावर दोघांचे मार्ग भिन्न झाले. शिंदे संयुक्त मतदारसंघाचे पुरस्कर्ते होते. बाबासाहेबांना स्वतंत्र मतदारसंघ हवे होते. यामुळे शिंदे यांची स्थिती मोठी चमत्कारिक झाली. सनातन्यांना ते बाटलेले वाटत. अस्पृश्यांतील तरुणांना ते परके वाटू लागले. प्रार्थना समाजाशी असलेला त्यांचा प्रचारकाचा संबंध तर १९१० सालीच सुटला होता. १९३० साली कायदेभंगात त्यांनी येरवड्याचा तुरुंगवास भोगला आणि १९३३ साली 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा आपल्या संशोधनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांच्या नावाचा गाजावाजा फारसा उरला नव्हता.

मतदारसंघांच्या वादात बाबासाहेबांचे म्हणणे अधिक खोल होते, असे मला वाटते. ज्याचे दुःख त्यालाच त्याची वाणी असली पाहिजे. परंतु म्हणून शिंदे यांचे कार्य निष्फळ ठरत नाही. हक्क मागणारा उठून उभा राहतो तेव्हा समोरच्यानेही बदललेले असावे लागते; एरवी कायद्याचे पुस्तक एकीकडे आणि घरातला वेगळा पेला एकीकडे, असा प्रकार होतो. १९५० च्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. मानवी विष्ठा हाताने उपसावयास लावण्याच्या प्रथेविरुद्ध मात्र १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदा करावा लागला. यावरून दुसरी बाजू किती मागे राहिली, याचा अंदाज यावा.

देवनारात १९५४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था आहे, आणि समाजकार्याचे शिक्षण घेण्यास देशभरातून विद्यार्थी तेथे येतात. हा योग मोठा समर्पक आहे. परंतु शिंदे यांचा प्रश्न एकट्या विद्यार्थ्यांसाठी नव्हता. सकाळी आपल्या दाराशी कचरा न्यावयास जो माणूस येतो, त्याचे नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? आपल्या घरून कचऱ्याची गाडी रोज जाते. त्या वाटेने आपले मन कधी गेले आहे काय?