शब्द तेच, चाल निराळी

ओळखीचे गाणे कोणी अनोळखी चालीवर म्हणू लागले की बैठकीत लगेच कुजबूज सुरू होते. “ही खरी चाल नव्हे,” असे कोणीतरी म्हणतेच. भजनात, मंगळागौरीच्या जागरणात, हळदीच्या मांडवात हा वाद आपल्या वसई-विरारच्या भगिनींना नवा नाही. आगाशीची लेक नालासोपाऱ्याला सून म्हणून आली की माहेरची चाल आणि सासरची चाल यांची गाठ पडते, आणि दोन्हींपैकी माघार कोणी घ्यायची हा प्रश्न बहुधा वयाच्या मानाने सुटतो! पण खरी चाल म्हणजे कोणती? ही गोष्ट इतिहासाला विचारून पाहिली, तर उत्तर मोठे मनोरंजक मिळते, आणि आम्हा स्त्रियांना विचार करावयास लावणारेही.

प्रारंभ ओवीपासून करावा हे उचित. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इसवी सन ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली ओवी ग्रंथात नेली, त्याच्या कितीतरी आधीपासून ती उखळाजवळ आणि जात्याजवळ नांदत होती. पुढे फादर स्टीफन्स यांनी आपल्या ‘क्रिस्तपुराणा’साठी, जे १६१६ साली प्रथम छापले गेले, हीच ओवी स्वीकारली. आपल्या ख्रिस्ती भगिनींच्या घरीही या ग्रंथाचे नाव आदराने घेतले जाते. छंद एक, पण पारायणाला बसलेल्या पुराणिकाची चाल निराळी आणि पहाटे दळणाऱ्या बाईची निराळी. दळणारीची चाल जात्याच्या फेऱ्याने ठरते. जोंधळा जड ओढत असेल तर स्वर लांबतो, जोडीला दुसरी बाई असेल तर एकीने ओळ टाकावी आणि दुसरीने उचलावी.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात गावोगावच्या स्त्रियांच्या साहाय्याने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या चाळताना दिसते की तीच कल्पना, कित्येकदा तीच ओळ, दहा गावच्या दहाजणींच्या तोंडी आहे. कोणी तीत भावाचे नाव घालते, कोणी मुलाचे; कोणी मध्ये ‘बाई’ घालून स्वर पेलते. यांतली मूळ ओवी कोणती, असा प्रश्न त्या बायांपैकी कोणालाही पडला नसेल. जी म्हणेल तिची ओवी, हाच तिथला कायदा.

या कायद्याला एक दुःखाची बाजूही आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथातील महदंबेने रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचे नाव घेतो. धवळे म्हणजे लग्नात गावयाची गीते. पंथाच्या मंडळींनी तिचे शब्द जपले, म्हणून ते आज आपणांस वाचता येतात. चाल मात्र लिहून ठेवण्याची सोय नव्हती. ती गाणाऱ्यांच्या गळ्यात राहिली आणि गळ्यांबरोबर गेली. नाव तेवढे अजून जिवंत आहे. आपल्याच पालघर जिल्ह्यात वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाते, आणि तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. आगरी समाजातही धवला म्हणणाऱ्या धवलारणी असतात. तेव्हा शब्द टिकले आणि चाल हरपली, असे एका ठिकाणी. तर चाल टिकली पण शब्द कोणी लिहून घेतले नाहीत, असे दुसऱ्या ठिकाणी.

रंगभूमीवर याच्या नेमका उलटा प्रकार घडला. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले. त्या काळच्या नाटकांची जुनी छापील पुस्तके पाहावीत. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून दुसऱ्याच एखाद्या प्रसिद्ध गाण्याचा आरंभ दिलेला असतो. म्हणजे चाल आधीची, शब्द मागाहूनचे! प्रेक्षकाला चाल ओळखीची असे, म्हणून नवे पद एका रात्रीत त्याच्या ओठी बसे. यात उसनवारी केली असे कोणी मानीत नसे; उलट जुन्या चालीला नवे लेणे चढले असेच मानीत.

पुढे १९१६ साली खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ आले. विषय पुन्हा रुक्मिणीचाच. भास्करबुवा बखल्यांच्या चाली आणि बालगंधर्वांचा गळा असा तो योग होता. एकाच पदाची दोन रूपे कशी होतात, हे बालगंधर्वांच्या गाण्यात फार चांगले कळते. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. तेच पद नाटकगृहात ‘वन्स मोअर’च्या गजरात पुनःपुन्हा रंगे, आणि दर वेळी काही नवीन जागा निघे. तबकडीवर उरला तो नेमका अर्क, आणि रंगमंचावर होता तो पसारा. एकीवरून दुसऱ्याची कल्पना करता येते, पण एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

आता आपल्या सर्वांच्या घरोघरी पोचलेल्या गीतरामायणाकडे वळू. एकाच गाण्याची दोन रूपे आणि दोन्ही अस्सल, याचे इतके सुंदर उदाहरण मराठीत दुसरे क्वचितच सापडेल.

आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. तेथे सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, गीतरामायणाचे प्रसारण सुरू झाले. गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडक्यांचे. दर आठवड्यास एक नवे गीत, असे वर्षभर चालावयाचे होते. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला, म्हणून बावन्नाऐवजी छप्पन्न गीते झाली.

आज ‘गीतरामायण’ म्हटले की बहुतेकांच्या कानी बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा, एकट्याचा स्वर येतो. परंतु रेडिओवरचे ते पहिले रूप तसे नव्हते. त्यात पात्रागणिक गायक होते. कौसल्येची गीते ललिता फडक्यांनी गायिली. वनवासाला निघालेल्या रामाबरोबर जाण्याचा हट्ट धरणारी सीता माणिक वर्मांच्या स्वरात बोलली, आणि अखेरीस लक्ष्मणाने वनात सोडून दिलेली सीता लता मंगेशकरांच्या. शापमुक्त झालेली अहल्या मालती पांड्यांची, शूर्पणखा योगिनी जोगळेकरांची. आईवर संतापलेला भरत वसंतराव देशपांड्यांनी उभा केला. रामजन्माचा आनंद तर स्त्रियांच्या समूहस्वरांत होता. ज्यांनी ही ध्वनिमुद्रणे ऐकली आहेत त्यांना ठाऊक आहे, की ते एक श्राव्य नाटकच होते.

नंतर १९५७ साली गीते पुस्तकरूपाने आली, आणि १९५८ पासून सुधीर फडके गीतरामायणाचे जाहीर कार्यक्रम करू लागले. समोर पेटी, साथीला मोजकी वाद्ये, मध्ये थोडे निवेदन, आणि राम, सीता, दशरथ, कैकेयी, शबरी, हनुमान सारे एकाच गळ्यातून. पुढे ध्वनिमुद्रिका निघाल्या त्याही त्यांच्याच आवाजात. गावोगावी पोचले ते हे दुसरे रूप.

पुरुषाच्या आवाजातली सीता कशी पटावी, असे कोणी विचारील. पण आपल्याकडे कीर्तनकार शेकडो वर्षे हेच करीत आला आहे. उपरण्याचा पदर डोक्यावरून घेतला की तो कौसल्या होतो, आणि खांद्यावर टाकला की दशरथ. शिवाय माडगूळकरांनी काव्याची रचनाच अशी केली आहे, की ही सर्व कथा लव आणि कुश रामासमोर बसून गात आहेत. म्हणजे मुळातच सांगणारे दुसरे आहेत; दुसऱ्यांचे दुःख ते आपल्या गळ्यातून सांगत आहेत. या दृष्टीने पाहता बाबूजींचे एकल गायन काव्याच्या गाभ्याला धरूनच आहे. रेडिओवरचे रूप आपणांस त्या त्या पात्राजवळ नेऊन बसवते, तर एकल रूप आपणांस श्रोत्यांत, रामाच्या सभेत, बसवते. शब्द तेच, चालीही फडक्यांच्याच, तरी आपली बसण्याची जागा बदलली आणि अनुभव बदलला.

याला तिसरे रूपही आले. हिंदी, बंगाली, कानडी, तेलुगू, संस्कृत, कोंकणी अशा अनेक भाषांत गीतरामायणाचे अनुवाद झाले, आणि ते मूळ चालींवर गाता यावेत अशी काळजी अनुवादकांनी घेतली. नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापत, त्याच रीतीचे हे नवे उदाहरण. ओवीत शब्द राहिले व चाल बदलली; अनुवादात चाल राहिली व शब्द बदलले; बाबूजींच्या कार्यक्रमात दोन्ही राहिली व कंठ बदलला. तिन्ही प्रकारांत गाण्याचे नुकसान झाले नाही, ते वाढलेच.

नुकसान होते ते दुसऱ्या कारणाने. एक रूप फार लोकप्रिय झाले की आपण दुसरे ऐकावयाचे सोडतो, आणि ‘हेच खरे’ असे म्हणू लागतो. बाबूजींचे गीतरामायण थोर आहे यात शंका नाही. पण रामायणातल्या कौसल्या, सीता, अहल्या, शूर्पणखा या स्त्रियांना १९५५-५६ साली स्त्रियांनीच आवाज दिला होता, ही गोष्ट आज कितीजणींना ठाऊक आहे? ललिताबाई, माणिकताई, मालतीताई, योगिनीताई यांचे ते सूर सुदैवाने आजही ऐकावयास मिळतात. ते न ऐकणे हा केवळ आळस होय. आणि त्याही मागे, जात्यावर सीतेचा वनवास गाणाऱ्या असंख्य अनामिक बाया आहेत. त्यांनी सीतेची बाजू कोणी विचारण्यापूर्वीच मांडून ठेवली होती.

म्हणून वर्धापनदिनाच्या या शुभप्रसंगी भगिनींपुढे दोन सूचना ठेवाव्याशा वाटतात.

पहिली अशी, की मंडळाच्या एका बैठकीत गीतरामायणातील एकच गीत निवडावे. आधी रेडिओवरचे ध्वनिमुद्रण ऐकावे, मग बाबूजींचे ऐकावे, आणि मग त्याच प्रसंगावरची एखादी ओवी आपल्यांतल्या वडीलधाऱ्या बाईंनी म्हणावी. कोणते सरस, असा कौल घेऊ नये. कशात काय सापडले, एवढेच प्रत्येकीने सांगावे.

दुसरी सूचना अधिक निकडीची. आपल्या या परिसरात वाडवळ, सामवेदी ब्राह्मण, सामवेदी ख्रिस्ती, आगरी, कोळी, वारली अशी अनेक घरे शेजारी शेजारी नांदतात. हळदीचे, मांडवाचे, वरातीचे, पाळण्याचे गाणे प्रत्येकीकडे आहे, आणि प्रत्येकीची बोली व चाल निराळी आहे. इमारती वाढल्या, मांडवाच्या जागी सभागृहे आली, आणि ध्वनिवर्धकावरच्या गाण्यांपुढे आजीबाईंचा आवाज बसला. ज्यांना या चाली येतात त्यांची वये आता सत्तरी-ऐंशीची आहेत. मोबाईल हल्ली प्रत्येकीच्या हाती आहे. आजीबाईंची परवानगी घेऊन त्यांचे गाणे त्यात उतरवून घ्यावे. गाव, बोली आणि प्रसंग यांची नोंद सोबत करावी. दोघी एकच गाणे दोन चालींनी म्हणाल्या, तर दोन्ही घ्यावीत. त्यांतली खरी कोणती, हे ठरविण्याच्या भरीस कोणी पडू नये.

महदंबेच्या काळी ही सोय नव्हती, म्हणून तिची चाल आपणांस ऐकू येत नाही. आपल्याला तसे म्हणावयास जागा नाही. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत अशा गाण्यांची यादी, गाणाऱ्या बाईंच्या संमतीने, छापता आली, तर मंडळाच्या कार्यात एका चांगल्या कामाची भर पडेल.